काळ्या वाळूतला करंज

सावलीचं झाड मागायला येणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि माझा धंदा चालतो तो त्यांच्यावरच. निघोज्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी नर्सरी आहे. आजूबाजूला कंपन्या, आणि कंपन्यांत काम करणाऱ्यांची दोन-दोन गुंठ्यांवरची घरं. रविवारी जोडपी येतात. त्यांना लवकर वाढणारं झाड हवं असतं, पण मुळं पसरणारं नको. सावली दाट हवी, पण पानं गळायला नकोत. मग मी सांगते, चाकणच्या बाजारात प्लास्टिकची झाडं मिळतात, ती न्या. काही जण हसतात, काही गाडी वळवून निघून जातात.

नूरमोहम्मद चाचा आले ते एप्रिलमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, चालत. वय पासष्टच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. खिशातून त्यांनी घडी केलेला कॅलेंडरचा कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर घराचा आणि अंगणाचा नकाशा होता. एक वाजता ऊन कुठवर येतं, दोनला कुठवर, तीनला कुठवर, चारला कुठवर, सगळं फुटांत मांडलेलं. आठ दिवस टेप घेऊन मोजलं, म्हणाले. वीस वर्षांत माझ्याकडे उन्हाचा नकाशा घेऊन कुणी आलं नव्हतं, त्यामुळे जिभेवर आलेलं टोचून बोलणं मी गिळलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.

चाचा भोसरीतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर होते. म्हणजे लाकडी नमुन्याभोवती ओलसर वाळू ठोकून साचा करायचा, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हातांवरचे डाग त्याचेच. निवृत्तीच्या आधी त्यांनी निघोज्यात ओढ्याजवळ दोन गुंठे घेऊन पत्र्याचं घर बांधलं होतं. मुलगा नदीम हिंजवडीत एका कंपनीत होता आणि तिकडेच फ्लॅटमध्ये राहायचा. इथे चाचा आणि त्यांची बायको ताजुन्निसा, दोघंच.

आदल्या हिवाळ्यात चाचींना लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण लक्ष देऊन ऐकलं तर समजायचं. त्यांचं सगळं आयुष्य अंगणात गेलेलं. ईदच्या आधी महिनाभर अख्ख्या गल्लीच्या शेवया त्या अंगणात वाळायच्या, आणि येणारा-जाणारा फाटकाशी थांबल्याशिवाय पुढे जायचा नाही. आता त्या पश्चिमेच्या खोलीत खाटेवर पडून होत्या. दुपारी भिंत तापायची, वरचा पत्रा तापायचा, पंखा तीच गरम हवा फिरवत राहायचा. गुरुवारी तर वीजच नसते. अंगणात हिरवी जाळी बांधून पाहिली, तर उजेड तेवढा कमी झाला, उकाडा होता तसाच राहिला, आणि एका वावटळीत जाळी फाटून ओढ्यात गेली.

नदीम त्यांना न्यायला तयार होता. सहावा मजला, एसी, लिफ्ट. मुलगा चांगला, त्याचं काही चुकत नव्हतं. पण चाची नाही म्हणत होत्या. घरातून गेले तर परत येणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शेवटी नदीमनं बापाला सांगितलं, की हा उन्हाळा कसाबसा काढा, पण पुढच्या उन्हाळ्यात अम्मी या पत्र्याखाली राहणार नाही. म्हणून चाचांना झाड हवं होतं. दुपारी एक ते चार खाट अंगणात ठेवता येईल एवढी सावली, वर्षभरात.

त्यांनी मला सरळ विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात सावली पडेल का. मी हो म्हणाले. हे मी कबूल करून टाकते. कुठलंही झाड वर्षभरात खाटेएवढी सावली देत नाही हे मला माहीत होतं. पण समोरचा माणूस आठ दिवस ऊन मोजून आला होता, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्यात धंद्याची सवयही होती, ते नाकारत नाही.

मग झाड निवडणं सुरू झालं. गुलमोहर त्यांना ठाऊक होता. मी म्हटलं, ऐन उन्हात तो बोडका असतो, आणि वादळात फांदी मोडते, खाली खाट ठेवायची असेल तर नावही काढू नका. उंच सरळ अशोकाची सावली भिंतीला पुरते, माणसाला नाही. कडुनिंब फाल्गुनात गळतो, पण चैत्रात भरतो. कडुनिंब ठरला. पावसापर्यंत थांबा म्हटलं, पण तेवढा धीर त्यांच्यापाशी नव्हता. सहा फुटी रोप टेम्पोत घालून घेऊन गेले.

महिन्याभरात कडुनिंब वाळला. मी चाचांना झापलं. झाड आहे, म्हैस नाही, दिवसातून चार वेळा पाणी कशाला पाजता, असं म्हणाले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. जूनमध्ये देशी बदाम दिला, त्याच्या फांद्या आडव्या पसरतात म्हणून. चांगला पाऊस झाला, तरी ऑगस्टात बदामाची पानं कडेनं करपली आणि तोही गेला. या वेळी चाचांनी रोप मुळासकट उपटून माझ्यापुढे आणून ठेवलं. मुळं पिशवीतल्या मातीच्या बाहेर बोटभरसुद्धा गेली नव्हती. मला झापण्यासारखं काही उरलं नाही. मी पहार घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले.

गल्लीत अकरा घरं होती. एकाही दारात झाड नव्हतं. कुंडीत तुळस, डब्यात कोरफड, बस. मी या गल्लीवरून शंभरदा गेले असेन, आणि दर वेळी मनात म्हणाले असेन की काय आळशी लोक आहेत. चाचांच्या अंगणात मी पहार घातली. वरचा फूटभर तांबडा मुरूम होता, आधीचे दोन्ही खड्डे तेवढ्यातच संपलेले. त्याखाली काळं काहीतरी लागलं, माती नव्हे, कोरडं, दाबून बसलेलं. मूठभर वर काढलं तर बोटं काळी झाली.

चाचा वाकले. त्यांनी चिमूट घेतली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. मग खाली बसले.

"ही माझी हाय," ते म्हणाले.

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. ही जागा ओढ्याकाठची, खोलगट. पावसात गुडघाभर पाणी साचायचं, म्हणून तर स्वस्तात मिळाली होती. सगळ्यांनाच भराव हवा होता. आणि चाचांच्या फाउंड्रीत वापरून जळलेल्या काळ्या वाळूचे ढीग पडलेले असायचे. कुणी उचलून नेली तर कंपनीलाही हवंच होतं. चाचांनी सुपरवायझरला गळ घातली. चार दिवस डंपर येत होते. पाच-पाच फूट भरलं, वर मुरूम टाकला, आणि एकट्या स्वतःच्याच जागेवर नाही, अख्ख्या गल्लीत. लोकांनी त्यांना नारळ दिला होता, शाल दिली होती. त्यानंतर गल्लीत पाणी साचलं नाही.

"एकतीस वर्सं तिच्यात हात व्हता माझा," चाचा म्हणाले. "लोखंड कसं धरती, कधी फुटती, सगळं ठावं. हिच्यात झाड लावायचं कधी मनातच आलं न्हाई."

मी बरीच झाडं मेलेली पाहिली आहेत, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण त्या दिवशी मी पहार तिथेच टाकून चाचांजवळ खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीतल्या घराघरांत गेले आणि दारात उभं राहून सांगून आले, की तुमच्या दारात काही उगवत नाही ती माझी करणी आहे. समोरच्या रुक्मिणीबाई वयानं मोठ्या, त्या म्हणाल्या, "आवं, तवा तुमी वाळू आनली न्हसती तर आमी पान्यात ऱ्हायलो असतो." त्यांनी चहा पाजून पाठवलं. चाचांचं समाधान झालं नाही. झालं असतं तर त्यांनी पुढचं केलंच नसतं.

त्यांनी खड्डा खणायला घेतला. पाच फूट रुंद, आणि खाली जुनी जमीन लागेपर्यंत. मी म्हटलं, वाळूत खणाल तेवढी भिंत ढासळेल. ते पहिल्यांदाच हसले. वाळू उभी कशी ठेवायची हे मला शिकवू नका, असा त्याचा अर्थ होता. ते आधी पाणी शिंपडायचे, मग मुठीत वाळू दाबून लाडू करायचे आणि मधोमध मोडून बघायचे. स्वच्छ दोन तुकडे झाले की ओल बरोबर. मग तेवढाच थर खणायचा, आणि कडेला गावतळ्यातला चिकट गाळ लावून जमीन चोपायच्या धुम्मसनं ठोकायचा. तळ मात्र मोकळा. रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, असे सतरा दिवस. मी गडी देते म्हटलं तर हात जोडले. सतराव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत, सरळ, आणि तळाशी मूळची काळी जमीन, ओलसर. चाचा खाली उभे होते आणि पायानं ती माती चाचपत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन झाडं लावून मारली, पण ज्यांना झाडाखाली झोपायचं त्यांना कुणी विचारलंच नाही. आत जाऊन मी चाचींना विचारलं, कुठलं झाड हवं. त्या तुटक तुटक म्हणाल्या, "वरून काही पडू नये. मला बाजूला होता येत नाही."

मी इतकी वर्षं झाडं विकते, आणि हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. जांभूळ मी मनात धरलं होतं, ते तिथेच संपलं. उंबर संपला. बदाम मेला ते बरंच झालं म्हणायचं. मी विचारलं, फुलं पडली तर? चाची म्हणाल्या, फुलं चालतील. मग करंज ठरला. वैशाखात तो हिरवागार असतो, फूल बारीक आणि हलकं, शेंगा धरायला वर्षं लागतात आणि त्या काठीला बांधलेल्या आकडीनं आधीच काढता येतात. माझ्याकडच्यातला सगळ्यात उत्तम करंज, साडेपाच फुटी, मी त्या खड्ड्यात लावला. खाली शेणखत आणि शेतातली माती भरली. चाचांनी बुंध्याभोवती माती दाबली ती एकाच बोटानं, जशी साच्याची कड दाबतात तशी.

करंज धरला. दिवाळीपर्यंत दोन नव्या फांद्या आल्या. थंडीत थांबला, मार्चमध्ये पानं गाळली आणि एप्रिलच्या सुरुवातीला कोवळ्या चकचकीत पानांनी भरला. आठ फूट झाला होता. झाड म्हणून बघाल तर मी खूश होते. सावली म्हणून बघाल तर ती एका उशीएवढी होती.

चाचांनी खाट अंगणात आणली. लोखंडी पाइपची, नवार विणलेली. त्यांनी चाचींचं तोंड सावलीत येईल अशी खाट ठेवली. अंगावर ओली चादर घातली. पंधरा मिनिटांनी सावली सरकली की खाट सरकवायची. एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत. मी दोन-तीनदा जाऊन पाहिलं. चाची डोळे मिटून पडलेल्या असत, चेहऱ्यावर पानांचे ठिपके, आणि चाचा घामानं निथळत पुढच्या सरकवण्याची वाट बघत उभे. चाची खूश होत्या. रुक्मिणीबाई फाटकाशी येऊन बसायच्या. मला बघवत नव्हतं.

एका रविवारी नदीम आला. मीही खत घेऊन गेले होते. तो फाटकातच थांबला आणि त्यानं एकदा खाट सरकताना पाहिली. भांडायला आला असावा, पण भांडला नाही. आईजवळ जाऊन बसला, पाय दाबायला म्हणून चादर बाजूला केली. डाव्या पायाची टाच खाटेच्या पाइपला टेकलेली होती. पाइप तापला होता. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता, आणि त्याच्या शेजारी एक जुना, फुटून वाळलेला. चाचींना काहीच कळलं नव्हतं. ती बाजू गेलेलीच होती.

चाचांनी पाहिलं. भाजलेलं किती दिवसांचं आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षं ते हेच पाहत आले होते. त्यांनी खाली बसून फोडाच्या कडेनं बोट फिरवलं आणि नदीमकडे न बघता म्हणाले, "घिऊन चल तिला. आत्ताच."

चाची रडल्या. उजव्या हातानं त्यांनी खाटेची नवार धरून ठेवली होती, ती सोडवायला लागली. गाडीत बसवताना मी चाचांना म्हटलं, पहिल्याच दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्यांनी घराला कुलूप लावलं, मागच्या सीटवर चाचींचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि गेले.

मला वाटलं, संपलं. झाडाला मी पाणी घालत राहिले, ते माझ्या खोटेपणाची भरपाई म्हणून. पण पुढच्या रविवारी अकरा वाजता चाचा गल्लीत हजर. दोन बस आणि एक सहा सीटर रिक्षा करून आले होते. त्यांनी झाडाला पाणी घातलं, आळं नीट केलं, मग खाट बाहेर काढली, ज्या जागी चाचींची असायची त्याच जागी ठेवली, आणि स्वतः तिच्यावर आडवे झाले. डाव्या पायातला मोजा काढला. एक ते चार पडून राहिले. दर तासाला उठून चुन्याच्या खड्यानं जमिनीवर सावलीची कड आखली. पायाला ऊन लागलं की तिथे फुली मारली. संध्याकाळी परत हिंजवडी.

त्या वर्षी मे संपेपर्यंत आणि पुढे मार्च ते मे दर रविवारी हे चाललं. पावसाळ्यात आणि थंडीत ते महिन्यातून दोनदा यायचे, मुळाशी खत घालायला, नको त्या खालच्या फांद्या काढायला. कुठली फांदी काढायची ते मी सांगायचे. पश्चिमेची एकही काढायची नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. करंजाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सावली कमरेपर्यंत आली. गुडघ्याखाली फुल्याच फुल्या. मी म्हटलं, चाचा, पायावर जाड गोधडी घालू, एवढ्यावर आणा त्यांना. त्यांनी मान हलवली. जोवर माझ्या टाचेला ऊन लागतं तोवर नाही.

त्या हिवाळ्यात चाचींना दुसरा झटका आला. उरलंसुरलं बोलणंही गेलं. हे मला नदीमनं फोनवर सांगितलं, आणि हेही सांगितलं की अब्बांना आता झाडाकडे बोलावू नका, ते दमतात, आणि अम्मीला कुठं आहे ते आता कळत असेल की नाही कुणास ठाऊक. मी हो म्हणाले. रविवारी चाचा आले तेव्हा मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखं पाणी घातलं. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याकडे बघून रडू येत होतं, म्हणून मी लवकर निघाले.

तिसऱ्या एप्रिलमध्ये करंज सोळा फुटांवर गेला. एका रविवारी चाचा एक ते चार खाटेवर पडून राहिले आणि एकही फुली मारली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी खात्री करून घेतली, आणि नदीमला फोन करून सांगितलं की गाडी काढ.

नदीम आईला घेऊन आला. आम्ही तिघांनी उचलून चाचींना खाटेवर ठेवलं. फार हलक्या झाल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. ओळखलं का, आनंद झाला का, काही सांगता येत नव्हतं. रुक्मिणीबाई काठी टेकत आल्या, त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. थोड्या वेळानं चाची झोपल्या. दोन वर्षांत अम्मी दुपारी कधी झोपली नव्हती, असं नदीम मला हळू आवाजात म्हणाला, आणि फाटकाकडे तोंड करून उभा राहिला.

चाचा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. सावली खाट ओलांडून भिंतीपर्यंत गेली होती, लोखंडी पाइपसुद्धा गार होता. तरी ते थोड्या थोड्या वेळानं चाचींच्या डाव्या टाचेवर तळवा ठेवून बघत होते. मी म्हटलं, चाचा, आता ऊन येणार नाही, चार वाजेपर्यंत काही बघायला नको, आत जाऊन दोन घास खा.

"तिला कळत न्हाई," ते म्हणाले. "मग मला कळाय पायजे."

मी त्यांचं ताट तिथेच बाहेर नेऊन दिलं. उजव्या हातानं ते जेवले, डावा हात टाचेवर होता.